ताटावरचा प्रश्न

१४ मार्च

अगं आत्या,

पत्र लिहायचं टाळत होतो, हे आधीच कबूल करतो, म्हणजे तुला ते शोधून काढायचे कष्ट नकोत. कागद आणला होता. पेन गळायला लागलं म्हणून दुसरं आणायला बाजारात गेलो, तर तिथे एक माणूस जुन्या सायकलींचे सुटे भाग मांडून बसलेला. त्याच्याशी घंटीच्या स्प्रिंगवर इतका वेळ बोललो की परत आलो तेव्हा हातात घंटी होती आणि पेन नव्हतं. सायकल माझ्याकडे नाही, हे तुला माहीत आहे. तरी ही सबब झाली. खरं कारण असं की जे लिहायचंय ते लिहायला हात धजत नव्हता.

मी त्या मधमाश्यांवाल्या मालकीणबाईंकडे लागलो, ते तुला कळवलं होतं. कामाचं सांगितलं नव्हतं. माश्यांच्या पेट्या ट्रकवर चढवायच्या आणि जिथे फुलं असतील तिथे न्यायच्या. तिथली फुलं संपली की पुढचं शेत. म्हणजे भटकणं हेच काम! आणि त्याचा पगार मिळतो! पहिला आठवडाभर मला वाटत होतं, कुणीतरी येऊन म्हणेल, चूक झाली, ही नोकरी तुझ्यासाठी नव्हती. माणसं आम्ही तीनच. मालकीणबाई, मी आणि ड्रायव्हर. ड्रायव्हरला सगळे भोंगा म्हणतात, कारण तो कानात बोलला तरी शेजारच्या शेतात ऐकू जातं. भोंग्याने गेल्या महिन्यात हँडब्रेक न लावता ट्रक उतारावर उभा केला आणि ट्रक पेट्यांसकट हळूहळू चारीत गेला. दोन पेट्या फुटल्या. बिचारा रडकुंडीला आला होता. मी त्याला चहा आणून दिला, म्हटलं, होतं रे असं, चल, आधी ट्रक काढू. पण ते जाऊ दे, माझं सांगतो.

पेटीला खालच्या बाजूला एक फट असते, ते माश्यांचं दार. गाडीवर चढवायच्या आधी, सगळ्या माश्या घरी परतल्या की त्या फटीत फोमची पट्टी कोंबायची. मुक्कामाला पोचलं की ट्रकमधून पेट्या उतरवायच्या आणि लगेच पट्ट्या उपसायच्या. “आधी पट्ट्या, मग चहा, मग बाकीचं जग,” हे मालकीणबाईंचं वाक्य मी झोपेतसुद्धा म्हणू शकतो.

तर मोहरीच्या शेतावर सकाळी पोचलो. पेट्या उतरवल्या. पट्ट्या काढायचं काम माझं होतं. काढत चाललो होतो, तेवढ्यात रस्त्यापलीकडे एक ट्रॅक्टर चिखलात रुतला आणि चार माणसं चार दिशांनी तो ओढायला लागली. आता असं दृश्य दिसल्यावर मी कुठे जागेवर राहतो? गेलो. दोर बांधला, फळ्या टाकल्या, चिखलात पडलो, सगळे हसलो, त्यांनी काकड्या दिल्या. काकड्या खात परत आलो तेव्हा ऊन माथ्यावर होतं. कुंपणामागे ठेवलेल्या तीन पेट्यांकडे लक्ष गेलं. त्यांच्या खालून मध गळत होता.

आत्या, बंद पेटी उन्हात तापली की माश्या आधी गरजतात. लांबवरून पाऊस यावा तसा आवाज येतो म्हणे. मी तो ऐकला नाही, मी ट्रॅक्टरवर होतो. मग मेण वितळतं, पोळी कोसळतात आणि आवाज थांबतो. मी झाकण उघडलं तेव्हा आत नुसता काळा, चिकट लगदा होता आणि गोड वास. तो वास अजून नाकातून जात नाही.

मालकीणबाई काय बोलल्या ते लिहीत नाही. मोठ्याने बोलल्या आणि बरोबर बोलल्या. मी गाढव आहे. निकामी, बेजबाबदार, ज्याच्या हातात जिवंत काही देऊ नये असा माणूस आहे. खुनी म्हटलं तरी चालेल. सध्या मी फक्त मधाच्या बरण्या धुतो, पेट्यांच्या जवळ जात नाही. एप्रिलच्या शेवटी पेट्या सूर्यफुलांवर हलवायच्या आहेत, त्याच्या आत मी इथून निघणार. दोन वर्षांत इतकी कामं सोडली, सगळी कंटाळून सोडली. सोडताना पोटात तुटतंय असं हे पहिलंच. बरोबरच आहे, ती शिक्षा समज.

तुझा नालायक
भिंगरी

---

२२ मार्च

भिंगरी,

मला गेल्या आठवड्यात एका माणसाचं पत्र आलं. ओळख ना पाळख. तो माझ्या भाच्याबद्दल वाट्टेल ते लिहितो. गाढव म्हणतो, निकामी म्हणतो, खुनी म्हणतो. मी ते पत्र घेऊन खोलीत येरझाऱ्या घालत होते. खालच्या किल्लीवाल्याने विचारलं, “बाई, काय झालं, चोर शिरला का?” मी म्हटलं, हो, शिरलाय.

कोण हा माणूस? माझ्या भाच्याला तो ओळखतो तरी का? मी ओळखते. मी नऊ वर्षांची होते तेव्हा तो जन्माला आला आणि मी त्याला कडेवर घेऊन इतकी फिरले की माझी एक बाजू वाकडी झाली, असं आई म्हणायची. रस्त्यात कुणाची हातगाडी अडली की आपली शाळा विसरून तो धक्का द्यायला जायचा, कारण त्याला कुणाचं अडलेलं बघवत नाही. हा दोष आहे, हे मला मान्य आहे. त्याने तीन पेट्या मारल्या, तेही मान्य. त्या माश्यांचं मलाही वाईट वाटलं, मी वाचताना हातातला कप खाली ठेवला. पण वाईट वाटणं वेगळं आणि एखाद्याला चौकात उभं करून रोज जोड्याने मारणं वेगळं. ड्रायव्हरने ट्रक चारीत घातला, दोन पेट्या फोडल्या, तर “होतं रे असं” आणि वर चहा. भाच्याने तीन पेट्या बंद ठेवल्या तर खुनी आणि हद्दपार! हा कुठला न्याय? कोणत्या कोर्टातला? त्या माणसाला माझा निरोप सांग. माझ्या भाच्याला शिव्या द्यायच्या असतील तर आधी माझ्या दारात ये. कात्री धारदार आहे.

आता तुला सांगते. तुझ्या पत्रातला सूर माझ्या ओळखीचा आहे. तो तुझा नाही, माझ्या वडिलांचा, आबांचा आहे. आठवतंय ना? रात्री ताटं वाढली की आबा चमचा ताटावर वाजवायचे आणि विचारायचे, “आज काय चुकलं?” मग एकेकाने उभं राहून आपली त्या दिवसाची चूक सांगायची. सांगितल्याशिवाय बसायचं नाही, घास उचलायचा नाही. मी, दादा, वहिनी, आई होती तोवर तीसुद्धा, आणि पुढे तू. ज्याला काही चुकलेलं आठवायचं नाही, त्याला म्हणायचे, “म्हणजे खोटं बोलतोस, ही झाली चूक.” तू एकदा काही सुचेना म्हणून कप फोडला असं सांगितलंस आणि मार खाल्लास. दुसऱ्या दिवशी कप अखंड सापडला तेव्हा खोटं बोललास म्हणून पुन्हा खाल्लास. माझी भूक त्या घरात कायमची मेली. आणि आबा सगळ्यांना विचारायचे, स्वतःचं मात्र कधी सांगायचे नाहीत. आज लिहिताना मला राग येतोय. इतकी वर्षं हा राग आला कसा नाही?

तू त्या मालकीणबाईंना सोडू नकोस. त्या ओरडल्या ना? मग झालं. आता तू कशाला ओरडतोस?

अक्षर वाईट आलंय, चालवून घे. दिवसभर बटणं लावून बोटांची टोकं सुजली आहेत.

तुझी आत्या

---

२ एप्रिल

आत्या,

तुझं पत्र भोंग्याने पोस्टातून आणलं आणि मी वाचताना हसलो तर म्हणाला, “मोठ्याने वाच ना!” मी तो शिव्या देणाऱ्या माणसाचा भाग वाचून दाखवला. भोंगा भडकला. “कोण तो? कुठे राहतो?” मी म्हटलं, मीच. तो म्हणाला, “मग तर फार जवळ राहतो, हातच साफ करून घेतो.” आणि खरंच एक टपली मारली. त्याच्या टपलीने अजून मान दुखते.

पण तुला वाटतं तितकं सोपं नाही हे. तू आत्या आहेस, तू असंच म्हणणार. सगळ्यांच्या आत्या असंच म्हणत असतील.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली होती, लाजेपोटी. ज्या दिवशी पेट्या गेल्या, त्या संध्याकाळी मालकीणबाईंनी बटाटे उकडले होते, अंडी होती. ट्रकच्या फळीवर ताटं मांडली. आणि मी, आत्या, ताट हातात घेऊन उभा राहिलो. सवयीने, आपोआप. म्हणालो, “आज माझं चुकलं, मी तीन पेट्या उघडल्या नाहीत.” भोंगा माझ्याकडे बघतोय, मालकीणबाई माझ्याकडे बघतायत. त्यांना वाटलं, मी काहीतरी भाषण करणार. मी तसाच उभा. मालकीणबाईंनी विचारलं, “हे काय चाललंय?” मी म्हटलं, आमच्या घरी जेवायच्या आधी असं सांगतात. बाई म्हणाल्या, “आमच्याकडे जेवायच्या आधी फक्त हात धुतात. तुझे धुतलेस का?” नव्हते धुतले. मेणाने माखलेले होते. धुवून आलो. मग त्या म्हणाल्या, “मी दुपारी ओरडले ना? पुरलं नाही? माझं ओरडून झालंय. आता तू परत सुरू केलंस तर माझ्या ओरडण्याला काही किंमत उरली नाही.” आणि मीठ मागितलं.

मला तेव्हा राग आला होता. वाटलं, या बाईला काही गांभीर्यच नाही. माश्या हिच्या, गेल्या हिच्या, आणि ही मीठ मागते! तुझं पत्र वाचल्यावर आता कळत नाही की राग तिचा आला होता की मला शिक्षा पुरेशी झाली नाही याचा.

काल त्यांनी सांगितलं, सूर्यफुलांवर जाताना त्या सोबत नसतील. त्यांच्या बहिणीचं ऑपरेशन आहे. भोंगा गाडी चालवेल आणि पेट्या बंद करणं, उघडणं सगळं मी बघायचं. मी म्हटलं, मी? त्या म्हणाल्या, “तूच. पट्टी राहिली तर काय होतं हे या गाडीत तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?” मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. बरण्या धुवायला गेलो. बरण्यांची झाकणं कशी बसतात यावर एकदा तुला वेगळं पत्र लिहीन, भारी गंमत आहे त्यात.

आता माझ्यावरून गाडी तुझ्यावर. बटणं?? तू कटिंगच्या टेबलावर आहेस. तू कात्री धरतेस, बटणं खालच्या मजल्यावरच्या बायका लावतात, हे तूच मला सांगितलं होतंस. मग कुणाच्या शर्टाची बटणं लावतेस गं दिवसभर? बोटं सुजेपर्यंत? किल्लीवाला तर नाही ना? “चोर शिरला का” म्हणून चौकशी करायला लगेच हजर होता, तेव्हाच शंका आली. असेल तर सांग, मी सायकलची घंटी लग्नात भेट देईन.

भिंगरी

---

११ एप्रिल

भिंगरी,

किल्लीवाल्याला नातू आहेत. थट्टा पुरे.

विचारलंस म्हणून लिहिते. एरवी लिहिणार नव्हते. नाट्यगृहाच्या मोठ्या पडद्याचं काम आमच्या वर्कशॉपला मिळालं होतं. गडद लाल मखमल. मखमलीला लव असते. वरून खाली हात फिरवला तर गुळगुळीत लागते, खालून वर फिरवला तर रुतते. कापताना सगळे पट्टे एकाच दिशेने कापायचे, नाहीतर उजेडात रंग वेगळा दिसतो. हा कटिंगमधला पहिला पाठ आहे. शिकाऊ पोरीला विचारलं तरी सांगेल. मी एक पट्टा उलटा कापला. शिवून झाला, टांगून झाला, दिवे लागले आणि एक पट्टा बाकीच्यांपेक्षा फिका. सगळे बघतायत. मास्तर बघतायत. मी बघतेय.

मास्तर म्हणाले, “तो पट्टा कडेला घेऊ, तिथे उजेड कमी असतो.” उसवून कडेला लावलासुद्धा. नाट्यगृहवाल्यांनी काही म्हटलं नाही. पण मी मास्तरांकडे जाऊन स्वतः सांगितलं, मला बटणांवर टाका. टाकलं. महिना झाला. ज्या बाईला इतक्या वर्षांनंतर लव कळत नाही, तिच्या हातात कात्री द्यायची कशाला? आंधळी, बावळट. आयुष्यभर एक काम केलं आणि तेही नीट येत नाही. पडदा आहे म्हणून निभावलं. कुणाच्या अंगावरचं असतं म्हणजे?

तुझ्यासारखं नाही हे. तू पोर आहेस, तुझं लक्ष उडतं. माझं लक्ष उडायचं काही कारण नव्हतं. तुझी चूक माफ करता येते.

मालकीणबाईंना हो म्हण.

आत्या

---

१६ एप्रिल

आत्या!

मला एका बाईचं पत्र आलंय. ती माझ्या आत्याबद्दल वाट्टेल ते लिहिते. आंधळी म्हणते, बावळट म्हणते. कोण ही बाई? माझ्या आत्याने माझ्या शाळेचा शर्ट जुन्या चादरीतून कापला होता आणि तो इतका फिट बसला होता की वर्गातले मास्तर म्हणाले, कुठल्या दुकानातून घेतला. ही बाई कोण लागून गेली तिला बावळट म्हणणारी? माझ्याकडे कात्री नाही, पण माश्यांच्या भरलेल्या पेट्या आहेत. पत्ता माहीत आहे मला तिचा. एक पाठवून देऊ का?

तुला लाज कशी वाटली नाही गं? मला पानभर सुनावलंस, कोर्ट काढलंस, न्याय काढलास, मी भोंग्याला वाचून दाखवलं, तो भडकला, मी पहिल्यांदा धड झोपलो, आणि तू तेव्हा बटणं लावत होतीस! स्वतःच स्वतःला खालच्या मजल्यावर पाठवून! तीन जिवंत पेट्या गेल्या तर “होतं असं”, आणि एक पट्टा फिका दिसला तर जन्मठेप? तुझी चूक माफ करता येते म्हणे. माझी येते, भोंग्याची येते, तुझी तेवढी येत नाही, का, तू काय आकाशातून पडलीस? चुकायचा हक्क सगळ्या जगाला, तुला नाही? हा तर उलटा गर्व झाला. मी हे रागाने लिहितोय, पण खोडणार नाही.

आणि मला कळलं हे येतं कुठून. तूच लिहिलंस. आपण घर सोडलं, तू तिकडे खोली घेतलीस, मी ट्रकवर झोपतो, पण चमचा अजून वाजतोय. तू एकटी जेवतेस ना? खरं सांग, जेवायच्या आधी मनातल्या मनात सांगतेस की नाही? मी सांगायचो. रोज. कुणी विचारत नसताना. आबा तिकडे बाबांकडे बसून जेवतायत आणि आपण दोघं इकडे दोन गावांत उभे!

म्हणून काल मी बाबांना पत्र टाकलं. तुला न विचारता, कारण विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. लिहिलं, की आबा अजून तुम्हाला आणि आईला ताटावर विचारत असतील, नक्कीच विचारत असतील. माझी एकच मागणी आहे. एकदा, फक्त एकदा, तुमचं सांगून झालं की आबांना उलट विचारा. बाबा विचारतील असं वाटत नाही. बाबा दारावर डोकं आपटलं तर दाराची माफी मागतात. पण लिहिलं. बरं वाटलं.

मालकीणबाईंना मी हो म्हटलंय. सूर्यफुलांवर मी पेट्या नेतोय. का हो म्हटलं ते खरं सांगतो. आता घाबरून नाही म्हटलं असतं तर तुला बटणांवरून उठ म्हणायला मला तोंड राहिलं नसतं. तू कात्री धर, मी पट्ट्या काढतो. आणि पुन्हा काही बिघडलं तर ज्याची चूक त्याने दुसऱ्याला लिहायची, आणि दुसऱ्याने ओरडायचं. स्वतःवर ओरडायला बंदी. परक्याचं काम आहे ते.

अजून रागावलेला
भिंगरी

---

२४ एप्रिल
(कार्ड)

आत्या, पोचलो. सूर्यफुलं माझ्यापेक्षा उंच. पेट्या उतरवल्या, पट्ट्या काढल्या, काढलेल्या पट्ट्या पिशवीत टाकत गेलो. शेवटी पेट्या मोजल्या, पट्ट्या मोजल्या, एक कमी! तोंडात “गाढवा” आलं होतं. म्हटलं, नको, ते काम आत्याचं. “चल, बघू कुठली राहिली,” एवढंच म्हटलं आणि परत सुरुवातीपासून फिरलो. शेवटून दुसरी. आत गरजत होती. पट्टी उपसली तर माश्या माझ्या तोंडावरच आल्या. डोळा सुजलाय, एका डोळ्याने लिहितोय. भोंगा म्हणतो, छान दिसतोस. ओरडायचं असेल तर ओरड. पण सगळ्या जिवंत आहेत. मला आता वाटतं, त्या दिवशी स्वतःला शिव्या देत बसण्याऐवजी एवढं शिकायला हवं होतं की पट्ट्या पिशवीत टाकायच्या.

भिंगरी

---

३ मे

भिंगरी,

ओरडत नाही. डोळ्याला थंड पाण्याची पट्टी लाव. दुसरी पट्टी, फोमची नव्हे.

तुझ्या रागावलेल्या पत्राचा मला आधी भयंकर राग आला. उलटा गर्व म्हणे! कालचं पोर! तीन दिवस मनात तुझ्याशी भांडत बटणं लावली आणि एका कोटाला सहाच्या जागी सात लावली. मग तिकीट काढून नाट्यगृहात गेले. मला तो पडदा बघायचा होता. म्हणजे आपण कुणालातरी शिव्या देतोय तर निदान काय बिघडलंय ते डोळ्यांनी बघावं म्हणून.

मागची खुर्ची मिळाली. दिवे लागले. दिसतो रे. डावीकडचा शेवटचा पट्टा फिका दिसतो. खोटं कशाला बोलू. मान खाली घातली, तोंडात सगळे शब्द आले, आंधळी, बावळट. मग आठवलं, की या बाईला भाच्याने बंदी केलीय. मी मान वर केली. शेजारी एक जोडपं शेंगा कुणी सोलायच्या यावर भांडत होतं. पुढची बाई टोपी काढेना म्हणून मागचा माणूस वैतागला होता. त्या एवढ्या माणसांत पट्टा बघणारी मी एकटी. मग घंटा झाली आणि पडदा बाजूला सरकला, दोन्हीकडे, चुणीत गेला, आणि नाटक सुरू झालं. पडदा बाजूला सरकण्यासाठीच असतो, हे मी महिनाभर विसरले होते.

नाटक सुमार होतं. मी खूप हसले.

सोमवारी मास्तरांकडे गेले. म्हटलं, मला कात्री द्या. ते म्हणाले, “तुझी कात्री तिथेच आहे, कुणी हात लावलाय?” पहिलं काम आलं हॉटेलच्या पडद्यांचं. पुन्हा मखमल, बघ नशीब. मी आधी प्रत्येक तुकड्यावर खडूने बाण काढला, लव कुठे जाते त्याचा. शिकाऊ पोर हसली, म्हणाली, “ताई, हे तर आम्ही करतो.” मी म्हटलं, “मीही करते. आजपासून.” हात कापत होता. तरी कापत गेले, दोन्ही अर्थांनी, आणि संध्याकाळी भूक लागली. खरी भूक, भिंगरी. कधीची लागली नव्हती. घरी येऊन अंडं फोडलं, बटाटे परतले, ताट घेऊन बसले आणि मनात तोच प्रश्न आला, वेळेवर, सरकारी नोकरासारखा. मी त्याला म्हटलं, थांब, आज आधी जेवू दे.

माझा राग मात्र गेलेला नाही, हे लिहून ठेवते. आबांवरचा. तो आता आलाय तर राहू दे थोडे दिवस. इतकी वर्षं माझ्यावर खर्च झाला, आता जिथला आहे तिथे

थांब. दार वाजलं. या वेळी किल्लीवालाच असेल.

भिंगरी, किल्लीवाला नाही. आबा आलेत.

आबा! जे म्हणाले होते, मुलीच्या भाड्याच्या खोलीत मी पाऊल टाकणार नाही. दारात उभे आहेत. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात त्यांचं स्वतःचं ताट, कापडात गुंडाळलेलं. धाप लागलीय. तोंड लालबुंद. मी “या” म्हणायच्या आधी सुरू झाले, “तुझ्या भावाने मला ताटावरून उठवलं! या वयात! सगळ्यांचं सांगून झालं आणि मला विचारतो, आबा, आज तुमचं काय चुकलं? आणि ती सून, तीसुद्धा माझ्याकडे बघत बसली. ही काय पद्धत झाली? माणूस जेवायला बसलेला असताना असं विचारतात का त्याला? घास उतरेल का घशाखाली?”

दादाने विचारलं, भिंगरी. दाराची माफी मागणाऱ्याने!

मी म्हटलं, “नाही आबा. नाही उतरत.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग चपला काढायला वाकले, एक हात भिंतीवर टेकून. मी त्यांच्या हातातलं ताट घेतलं. आता ते खोलीच्या मध्यभागी उभे आहेत, बसायचं की नाही ते न कळून, मी स्वयंपाकाच्या कट्ट्यापाशी उभी राहून हे संपवतेय, आणि आणखी एक अंडं फोडायला हवं. ते आत्ताच विचारतायत, “आता काय करायचं?”

मी सांगते त्यांना, हात धुवा. माझ्याकडे जेवायच्या आधी तेवढंच करतात.

तुझी आत्या